वाकड्या पावलाचे दीर्घकालीन यश : मोजमापाची एक मर्यादा

जन्मतः आत वळलेले पाऊल, म्हणजे क्लबफूट, प्लास्टरच्या साह्याने सरळ करण्याची पद्धत डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेतील आयोवा येथे विकसित केली. दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाऊल क्रमाक्रमाने बाहेर वळवले जाते. बहुतेक बालकांत टाचेमागील स्नायुबंध लहानशा छेदाने सोडवावा लागतो. नंतर साधारण चौथ्या वर्षापर्यंत रात्री पट्टीला जोडलेले बूट घालावे लागतात. तेव्हा ‘शस्त्रक्रियाविरहित’ हे विशेषण सैल अर्थानेच घ्यावयाचे.

या पद्धतीच्या समर्थनार्थ कूपर व डिट्झ यांचा १९९५ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यांनी सरासरी ३४ वर्षे वयाचे ४५ रुग्ण तपासले. वेदना व हालचालींवरील मर्यादा हे निकष लावता ७८ टक्के रुग्णांचा परिणाम उत्तम वा चांगला ठरला. जन्मजात व्यंग नसलेल्यांत हेच प्रमाण ८५ टक्के होते. निरोगी पावलांनाही पैकीच्या पैकी गुण मिळत नाहीत, हे नोंदवण्याचा प्रामाणिकपणा या अभ्यासाचे मोठे बळ होय. परंतु बैठा व्यवसाय व आटोक्यातील वजन यांमुळे परिणाम सुधारू शकेल, असेही हे संशोधक सुचवतात. प्रस्तुत लेखकास हे विधान निष्कर्षाइतकेच महत्त्वाचे वाटते. बैठा व्यवसाय निवडण्याची मुभा कोणाला असते?

परळच्या भोईवाड्यालगत बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून उभे आहे. (पालखी वाहणाऱ्या भोयांचे नाव ज्या वस्तीला आहे, तिच्या शेजारी पावलांवर उपचार व्हावेत, हा योगायोगच!) येथून बरे होऊन जाणारे मूल पुढे हमाली करील, भातलावणी करील, जमिनीवर बसून जेवील, देशी पद्धतीचे शौचालय वापरील. उकिडवे बसताना टाच जमिनीस टेकणे, ही आपल्याकडे पावलाची खरी परीक्षा होय. लावेग व पॉन्सेटी यांच्या १९८० च्या शंभर गुणांच्या मापनपद्धतीत वेदनेस ३०, समाधानास २० व कार्यक्षमतेस २० गुण आहेत. उकिडवे बसण्यास स्वतंत्र गुण नाही.

याचा अर्थ पद्धत सदोष आहे, असा नव्हे. मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या पावलांचा डॉब्स आदींचा २००६ चा अभ्यास पाहता सरासरी तीस वर्षांनंतर आढळणारा ताठरपणा व संधिवात अधिक चिंताजनक आहे. प्रश्न मोजपट्टीचा आहे. आपल्या रुग्णालयांनी वयात आलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावून निदान तीन गोष्टी विचाराव्यात : उकिडवे बसता येते का, अनवाणी किती चालवते आणि दिवसभर उभे राहून काम केल्यावर संध्याकाळी पाऊल दुखते का.