वाहनाचे मूल्यमापन आणि सामान्य चालकाची साक्ष

मोटार ‘चांगली चालते’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर यंत्राकडून घ्यावे की माणसाकडून, हा वाद जुना आहे. १९३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीत मॉरिस ऑली यांनी वजने पुढे-मागे हलविता येतील अशी एक प्रायोगिक गाडी सिद्ध केली. तीत माणसे बसवून, पुढील स्प्रिंगा मागील स्प्रिंगांहून मऊ असाव्यात, हा निष्कर्ष त्यांनी काढला. तेथे मापक होते ते मानवी शरीरच.

या साक्षीला पुढे आकड्यांचे रूप देण्यात आले. बसलेले शरीर सुमारे ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना विशेष संवेदनशील असते. या ज्ञानावर आय.एस.ओ. २६३१ हे मानक उभे आहे. तथापि त्याच्या १९९७ च्या आवृत्तीतील अस्वस्थतेच्या पायऱ्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. ०.९ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे भारित कंपन ‘बऱ्यापैकी अस्वस्थ’ आणि ‘अस्वस्थ’ या दोन्ही पायऱ्यांत बसते. हा दोष नव्हे, प्रामाणिकपणा आहे.

गाडीच्या आज्ञाधारकतेविषयी मात्र असा प्रामाणिकपणा क्वचित आढळतो. कूपर व हार्पर यांची १९६९ ची दहा पायऱ्यांची श्रेणी विमानांच्या चाचणी-वैमानिकांसाठी होती. तीत आकड्यापूर्वी प्रश्न येतात : काम साधले काय? त्यासाठी किती श्रम पडले? मोटारींना दहापैकी गुण देताना हे प्रश्न बहुधा गळून पडतात व आकडा तेवढा उरतो. मग त्या आकड्यांची सरासरी काढली जाते. परंतु ६ व ७ यांमधील अंतर ८ व ९ यांमधील अंतराइतकेच आहे, हे कोणी सिद्ध केले? क्रमदर्शक श्रेणीवर सरासरी काढणे शास्त्रशुद्ध नाही, हा इशारा स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्येच दिला होता.

सामान्य चालकाच्या बाबतीत अडचण अधिक गहन आहे. गाडीचा दोष तो नकळत हातांनी सावरून घेतो आणि ‘ठीक आहे’ म्हणतो. त्याचा गुणांक गाडीचा नसून गाडी व चालक या जोडीचा असतो. म्हणून त्याची साक्ष त्याज्य ठरत नाही. प्रश्न बदलावा लागतो. ‘किती चांगली?’ याऐवजी ‘या दोहोंत कोणती बरी?’ असे विचारल्यास त्याचे उत्तर अधिक विश्वसनीय ठरण्याचा संभव आहे. अशा तुलनांपासून श्रेणी रचण्याची रीत थर्स्टन यांनी १९२७ मध्ये दाखविली. तीही निर्दोष नव्हे : दहा गाड्यांच्या ४५ जोड्या होतात, आणि दुसरी गाडी चालविताना पहिलीची स्मृती पुसट होते.

तरीही तिचा स्वीकार इष्ट आहे. कारण गाडी अखेर विकली जाते ती तज्ज्ञाला नव्हे, सामान्य चालकाला. आणि घसरत्या वळणावर प्राण पणाला लागतात तेही त्याचेच.