इनसाइड लाइनबॅकरचे संकेतवाचन : एका प्रशिक्षणपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :

अमेरिकन फुटबॉलमध्ये चाल कोणती आहे हे आक्रमक संघाला आधीच ठाऊक असते; बचाव करणाऱ्या संघाला ती ओळखावी लागते. बचावाच्या पहिल्या फळीमागे, मैदानाच्या मध्यभागी उभ्या असणाऱ्या 'इनसाइड लाइनबॅकर'वर ही जबाबदारी विशेषत्वाने येते. चेंडू खेळात येताच चाल धावेची आहे की पासची, हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागते. चेंडूचा पाठलाग करणारी नजर सहज फसते. म्हणून त्याला समोरच्या ठरावीक खेळाडूंच्या हालचाली पाहण्यास शिकवले जाते. या हालचालींना 'की', म्हणजेच संकेत, असे म्हणतात. या शिकवणुकीचे बळ आणि मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पद्धतीचे स्वरूप :

या विचाराला शिस्तबद्ध रूप देणाऱ्यांमध्ये टॉम लँड्री यांचे स्थान महत्त्वाचे आहे. औद्योगिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या लँड्री यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्क जायंट्सच्या बचावाची सूत्रे सांभाळली. १९५६ मध्ये संघात आलेले सॅम हफ हे त्यांच्या ४-३ रचनेतील मधले लाइनबॅकर होते. त्याच वर्षी जायंट्सने एनएफएलचे विजेतेपद मिळवले.

आजही प्रारंभ बहुधा 'गार्ड'पासून होतो. गार्ड खाली झुकून पुढे आला तर धाव. ताठ होऊन मागे सरकला तर पास. आपली जागा सोडून आडवा धावला तर त्या दिशेने धाव. मागील रनिंग बॅकच्या पहिल्या पावलावरून या अनुमानाची खात्री केली जाते. गार्डला प्रतिस्पर्ध्याला प्रत्यक्ष अडवायचे असल्याने त्याला हेतू लपवणे कठीण जाते. या पद्धतीचे बळ यातच आहे.

मर्यादा :

तथापि, संकेत विश्वसनीय आहे हे आक्रमक संघालाही कळते. 'प्ले-ॲक्शन'मध्ये गार्ड मुद्दाम आडवा धावतो, क्वार्टरबॅक चेंडू सोपवल्याचा आभास निर्माण करतो आणि लाइनबॅकर पुढे येताच त्याच्या रिकाम्या जागेत पास टाकतो. येथे नियम अधिक काटेकोरपणे पाळणारा खेळाडूच अधिक फसतो.

'रन-पास ऑप्शन'मुळे हा प्रश्न आणखी गंभीर होतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्सने त्या हंगामात या चालींचा प्रभावी वापर केला. येथे गार्ड फसवत नाही. तो खरोखरच धावेसाठी अडवत असतो. क्वार्टरबॅक मात्र एका बचावपटूला, अनेकदा लाइनबॅकरलाच, पाहून चेंडू सोपवायचा की पास टाकायचा हे ठरवतो. वाचणाराच वाचला जातो. पास जाण्यापूर्वी आक्रमक फळीतील खेळाडूंना रेषेपुढे एनएफएलमध्ये १ यार्ड, तर महाविद्यालयीन खेळात ३ यार्ड जाण्याची मुभा आहे. त्यामुळे महाविद्यालयीन लाइनबॅकरची कोंडी अधिक तीव्र होते.

सरावात मात्र अनेकदा एका संकेताला एकच उत्तर असते आणि पहिल्या पावलाच्या वेगालाच दाद मिळते. सामन्यात खेळाडू फसला की दोष त्याच्या एकाग्रतेला दिला जातो. वस्तुतः तो शिकवल्याप्रमाणेच वागलेला असतो.

अर्थात, एकाच वेळी अनेक गोष्टी पाहण्यास सांगितले तर नवशिका जागीच खिळून राहील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून एका संकेतापासून आरंभ करणे योग्यच. तेथेच थांबणे अयोग्य. सरावात फसवे संकेत मिसळणे, कितवा डाव आहे व किती यार्ड हवे आहेत यावरून आधीच अंदाज बांधण्यास शिकवणे आणि चूक लक्षात येताच माघारी वळण्याचा सराव देणे आवश्यक आहे. २०१२ ते २०१९ या काळात कॅरोलिना पँथर्सकडून खेळलेले ल्यूक कीकली चेंडू हलण्यापूर्वीच चाल ओळखण्यासाठी ख्यातनाम होते. त्यामागे चित्रफितींचा कसून अभ्यास होता.

निष्कर्ष :

संकेत हा पुरावा आहे, निर्णय नव्हे. पुरावा तोलण्यास शिकवणे हे प्रशिक्षकाचे खरे कार्य होय. जेथे एका खेळाडूपुढे दोन्ही पर्याय चुकीचे ठरतात, तेथे धाव व पास यांची जबाबदारी दोघांत विभागणे हे रचनाकाराचे कर्तव्य ठरते. ती उणीव लाइनबॅकरच्या माथी मारणे न्याय्य नाही.