अपुऱ्या दिवसांची मोजदाद

सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही, हे वाक्य आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो. आठव्या महिन्यात ओज माता आणि गर्भ यांच्यामध्ये अस्थिर असते, अशी आयुर्वेदाची उपपत्ती आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांचाही आठव्या महिन्याविषयी असाच समज होता. आजचे वैद्यक याच्या नेमके उलट सांगते: गर्भाशयात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या लाभाचा. समज खोटा ठरला, हे बरेच झाले. परंतु त्या वाक्याची घडण अजून आमच्या बोलण्यात शिल्लक आहे. जगेल किंवा जाईल, एवढ्या दोनच शक्यता त्यात मावतात. जगलेल्या मुलाचे पुढे काय झाले, आणि ते कोणी सांगावे, याला तेथे जागा नाही. मराठी अनुभवकथनांतही ही जागा फार अरुंद आहे.

बडोद्यात बसून हा प्रश्न विचारण्यास विशेष औचित्य आहे. बाळाच्या वाढीची भारतीय मोजपट्टी या गावाने दिली. 1949 साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील बाळांच्या निरीक्षणावरून प्रमाणके सिद्ध केली, आणि ती 1970 साली प्रसिद्ध झाली. बेली यांच्या अमेरिकी मोजपट्टीचा आधार घेऊन, पण आपल्या बाळांच्या मापाने बेतलेले हे काम. त्यातून आलेली 'डासी' ही चाचणी देशभर वापरली गेली: शारीरिक हालचालींच्या 67 आणि बुद्धीच्या 163 कलमांची, तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी. 1991 साली तिची आटोपशीर भावंड असलेली बडोदा चाळणी चाचणीही आली. अपुऱ्या दिवसांचे मूल पेटीतून बाहेर आले की त्याची पुढची परीक्षा बहुधा अशाच एखाद्या मोजपट्टीवर होते.

आम्ही साहित्याचे वाचक. म्हणून ही चाचणी संहिता म्हणून वाचली तर काय दिसते? वाक्याचा कर्ता सदैव बाळ आहे. ते मान धरते काय, हलत्या वस्तूमागे नजर फिरवते काय, ठोकळ्यावर ठोकळा ठेवते काय? ज्या मांडीवर ते बसले आहे, त्या मांडीला वाक्यात स्थान नाही. मोजपट्टीकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल. तिचे काम वेळेवर उणीव दाखवण्याचे, आणि ते काम मोठे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी 1987 ते 1989 या काळात जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या मुलांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांतील अनेकांना गणित जड जात होते. ही गोष्ट तीस महिन्यांच्या चाचणीला दिसणे शक्यच नव्हते. घरी संध्याकाळी वही घेऊन बसणाऱ्या आईबापांना मात्र ती दिसली असणारच.

आईबापांचे माप वेगळे असते, याला केवळ भावनेचा आधार आहे असे नाही. कॅनडातील हॅमिल्टन येथे काम करणाऱ्या, भारतीय वंशाच्या डॉ. सरोज सैगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली एक तुलना प्रसिद्ध केली. निरनिराळ्या व्यंगांसह जगणाऱ्या काल्पनिक मुलांची वर्णने नवजात-विभागातील डॉक्टर व परिचारिका, आईबाप आणि स्वतः किशोरवयीन मुले यांच्यापुढे ठेवली, आणि अशा जगण्याचे मोल किती ते विचारले. तीव्र व्यंग असलेल्या जीवनाला डॉक्टर-परिचारिकांनी जेवढे मोल दिले, त्याहून अधिक आईबापांनी आणि मुलांनी दिले. पेटीशेजारी उभे राहून 'पुढे फार त्रास होईल' असे सांगणारा डॉक्टर खोटे बोलत नसतो. पण त्या वाक्यावर उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरत असेल, तर 'फार' म्हणजे किती हे कोणाच्या मापाने, असे विचारणे भाग आहे. खाटेचे भाडे वाढत असताना आणि बाळ मुलगी असताना हा प्रश्न आमच्याकडे अधिकच कठोर होतो.

तरीही आईबापांच्या कथनापुढे टीकाकाराने हात जोडून बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. या कथनांना एक ठरीव साचा पडला आहे. आरंभी काचेची पेटी, मध्ये नवस, शेवटी धावणारे मूल. ज्यांचे बाळ गेले, ते सहसा लिहीत नाहीत. म्हणून चमत्काराचे प्रमाण कागदावर वाढते. आई स्वतःला दोष देते: जिना चढले, डबा उचलला, प्रवास केला. बाप बिलांच्या रकमेपुरता येतो आणि नाहीसा होतो. 'उशिरा चालला, पण चालला' या वाक्यातील 'पण'मध्ये दोन वर्षांच्या व्यायामाची आणि जागरणांची हकीकत दडलेली असते. लेखिका ती ओलांडून पुढे जाते. आम्हांस हवी आहे ती तीच हकीकत. सैगल यांच्या 'प्रीमी व्हॉइसेस' (2014) या पुस्तकात 1977 ते 1982 दरम्यान एक किलोपर्यंतच्या वजनाने जन्मलेली माणसे प्रौढपणी स्वतःविषयी लिहितात. तेथे कर्ता बदलतो. आईबापांचेही शब्द अंतिम नव्हेत, याची आठवण राहते.

आमच्याकडे अशा लेखनाला लागणारा तपशील भरपूर आहे. बाराव्या दिवशी बारसे, पण बाळ पेटीत. त्याच्या पायाला पट्टी, तिच्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव. जिचे नाव बाळाने धारण केले, ती काचेबाहेर उभी. 1978 साली बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेवर ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि काचेची ही भिंत वितळू लागली. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने जन्मानंतर लगेचच हा स्पर्श सुरू करावा अशी शिफारस केली. या पहिल्या स्पर्शाविषयी मराठीत चांगले गद्य लिहिले जावे, अशी आमची फार इच्छा आहे.

वयाच्या मोजणीतही कथा आहे. डॉक्टर जन्मतारखेऐवजी अपेक्षित तारखेपासून वय धरतात. तीन महिने आधी आलेले मूल वर्षाचे झाले, तरी त्यांच्या हिशेबी नऊ महिन्यांचे. साधारण दोन वर्षांनंतर हा हिशेब सोडून देतात. शाळा तर तो मुळीच मानीत नाही. गुजरातेत 2023-24 पासून पहिलीसाठी 1 जून रोजी सहा वर्षे पूर्ण लागतात. ज्याला जुलैत यायचे होते, ते मूल मेमध्ये आले, तर जन्मदाखल्याप्रमाणे एक वर्ष आधी वर्गात बसू शकते. त्याला पाठवावे की घरी ठेवावे, यावर त्या घरात अनेक रात्री बोलणे चालते. आजी एक सांगते, बाप दुसरे, आणि आई जुनी फाइल उघडून पुन्हा आठवडे मोजू लागते.