सुखाच्या दिवशीं आठवलेलें दुःख

दुःखाचे दिवस सरल्यावर त्यांच्या आठवणी सांगण्यांत माणसाला आनंद होतो, हें कांहीं नवें सत्य नव्हे. वनवास संपवून अयोध्येस परतलेल्या राम-सीतेला आपल्या गत आयुष्याचीं चित्रें पाहतांना काय वाटलें असेल, हा प्रश्न आपल्या दोन महाकवींना पडला होता. आणि त्यांनीं त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. रघुवंशाच्या चौदाव्या सर्गांत कालिदास सांगतो कीं, दंडकारण्यांतील दुःखेंही स्मरणांत सुखरूप झालीं. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत भवभूतीची सीता मात्र शूर्पणखेचें चित्र पाहतांच पुन्हा भयभीत होते, आणि हें केवळ चित्र आहे अशी तिची समजूत रामाला घालावी लागते. एकाचें स्मरण दुःखाला गोड करतें, दुसऱ्याचें तें जिवंत करतें. आठवणींच्या कोणत्याही कथनाची परीक्षा करतांना ही कसोटी उपयोगी पडावी असें आम्हांस वाटतें. आज ती आम्ही जरा अनपेक्षित ठिकाणीं लावून पाहणार आहों. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहराचा फुटबॉल क्लब ३४ वर्षांनीं वरच्या श्रेणींत चढला. त्या क्लबाच्या चाहत्यांच्या आठवणी हा आमचा विषय होय.

या खेळाशीं ज्यांचा परिचय नाहीं अशा वाचकांसाठीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, इंग्लंडमधील प्रमुख क्लब चार श्रेणींत विभागलेले असून, दर हंगामाच्या अखेरीस वरच्या श्रेणींतील तळाचे क्लब खालीं उतरतात व खालच्या श्रेणींतील अग्रभागचे वर चढतात. शाळेंतील परीक्षेसारखाच हा प्रकार. परंतु येथें नापास होणारा त्याच इयत्तेंत राहत नाहीं, एक इयत्ता खालीं जातो! ब्रायटन १९८३ सालीं पहिल्या श्रेणींतून असा उतरला, आणि पुन्हा वर चढला तो १७ एप्रिल २०१७ रोजीं.

मधल्या काळांत काय घडलें तें पाहिल्याशिवाय या आठवणींचा स्वाद कळणार नाहीं. १९०२ पासून क्लबाचें घर असलेलें गोल्डस्टोन मैदान तत्कालीन चालकांनीं विकलें. त्याविरुद्ध चाहत्यांनीं चळवळ केली. मैदानांत घुसून निषेध केल्याबद्दल क्लबाचेच २ गुण कापले गेले. ८ फेब्रुवारी १९९७ रोजीं इतर क्लबांचे चाहते आपापल्या रंगांचे पोषाख करून ब्रायटनच्या पाठिंब्यास त्या मैदानावर आले. २६ एप्रिलला डॉन्कॅस्टर रोव्हर्सशीं तेथील शेवटचा सामना झाला. पुढें त्या जागीं दुकानें उभीं राहिलीं. त्यानंतर एकाच आठवड्यानें, ३ मे रोजीं, हेरफर्ड येथें निर्वाणीचा सामना झाला. बरोबरी झाली तर ब्रायटन तरणार, हरला तर चार श्रेणींच्याही बाहेर जाणार, अशी स्थिति होती. पूर्वार्धांत ब्रायटनच्याच खेळाडूकडून ब्रायटनवर गोल झाला. उत्तरार्धांत रॉबी राइनेल्टनें तो फेडला. दोन्ही क्लबांचे गुण ४७ झाले, आणि हंगामांत अधिक गोल केल्यामुळें ब्रायटन वांचला. पुढचे दोन हंगाम सुमारें ७० मैलांवरील जिलिंगहॅमच्या मैदानावर, आणि त्यानंतरचे बारा विदडीन येथील धांवण्याच्या शर्यतींच्या क्रीडांगणावर गेले. २०११ सालीं फाल्मर येथें स्वतःचें नवें क्रीडागृह झालें. तेथील लीगच्या पहिल्या सामन्यांतही प्रतिपक्षी डॉन्कॅस्टरच होता. २०१६ सालीं बढती केवळ दोन गोलांच्या फरकानें हुकली. अखेर २०१७ च्या ईस्टर सोमवारीं विगनवर २-१ असा जय मिळाला, त्याच दिवशीं हडर्सफील्डचा सामना बरोबरींत सुटला, आणि बढती पक्की झाली.

इतकी सामग्री हातीं असल्यावर आठवणी रसाळ होतील यांत नवल तें काय? पण त्यांत एक दोष शिरतो, आणि तो कालिदासाच्या बाजूचा आहे. शेवट गोड झाला म्हणून मागचा प्रत्येक पराभव ही त्या शेवटाची पायरी ठरते. राइनेल्टचा गोल झाला नसता तर फाल्मर नसतें, फाल्मर नसतें तर २०१७ नसतें, अशी सांखळी जोडली जाते. सांखळी खोटी नाहीं. परंतु हेरफर्डच्या गर्दींत उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं तिची पुढची एकही कडी नव्हती. त्याला फाल्मर दिसत नव्हतें; परत जाण्यास घरचें मैदानही उरलें नव्हतें. जी आठवण त्या माणसाचें अज्ञान पुसून टाकते, ती त्याचें धैर्यही पुसून टाकते. शेवट ठाऊक असलेल्याला धैर्य कशास हवें?

शिवाय त्या गोलाला दुसरीही बाजू होती. ज्या क्षणीं ब्रायटन वांचला, त्याच क्षणीं हेरफर्डवर आपत्ति कोसळली. तो क्लब २००६ सालीं लीगमध्यें परतला, २०१२ सालीं पुन्हा बाहेर पडला, आणि २०१४ च्या डिसेंबरांत मोडीत निघाला. त्याच्या चाहत्यांना राइनेल्टचा गोल कोणत्या सांखळींत बसवावा? ब्रायटनच्या आठवणींत या प्रश्नाला ओझरती तरी जागा हवी. नाहीं तर नशिबाला गुणाचें नांव दिल्यासारखें होतें.

या दृष्टीनें स्टीफन नॉर्थ व पॉल हॉडसन यांच्या ‘बिल्ड अ बॉनफायर’ या पुस्तकाचें महत्त्व वेगळें आहे. तें या चळवळीचें निवेदन करतें, आणि तें १९९७ सालींच प्रसिद्ध झालें. अर्थात् लेखकांना हेरफर्डचा निकाल ठाऊक होता, पण क्लबाला पुन्हा घर मिळेल कीं नाहीं हें ठाऊक नव्हतें. बढती तर स्वप्नांतही नव्हती. नंतरच्या कथनकारांना जें अज्ञान प्रयत्नानें आणावें लागतें, तें या पुस्तकाला काळानेंच दिलें आहे.

सुखांत गोष्टीला अडचणीचा असा एक भाग बढतीनंतरही घडला. उरलेल्या तीन सामन्यांपैकीं दोन ब्रायटन हरला; तिसऱ्यांत अगदीं शेवटच्या मिनिटांत ॲस्टन व्हिलानें बरोबरी साधली, आणि एका गुणानें पहिला क्रमांक न्यूकॅसलकडे गेला. हा भाग जो गाळीत नाहीं, त्याच्या आनंदावर आमचा विश्वास अधिक बसतो.

२०१७ पासून ब्रायटन वरच्याच श्रेणींत आहे. २०२३-२४ च्या हंगामांत तर तो युरोपीय स्पर्धेंतही खेळला. बढतीच्या वर्षीं जन्मलेल्या मुलाला क्लबाचें दुसरें रूप ठाऊकच नाहीं. जुन्या आठवणी आतां सांगावयाच्या त्या या मुलाला. त्या केवळ गोड करून सांगितल्या, तर जें झालें तें होणारच होतें, असें त्याला वाटेल. आणि उद्यां क्लब पुन्हा उतरला तर त्याच्यापाशीं कोणतीच शिदोरी नसेल. भवभूतीचीं राम-सीता तीं चित्रें पाहतात, तेव्हां नवा वियोग दाराशीं येऊन उभा असतो, हें विसरूं नये. म्हणून सांगणाऱ्यानें हेरफर्डचा सामना असा सांगावा कीं मुलानें मध्येंच “मग काय झालें?” असें घाबरून विचारावें, आणि सांगणाऱ्यालाही क्षणभर उत्तर आठवूं नये.