वाशिष्ठीचे पूर, पूररेषा व जुने कागद

चिपळुणास २२ जुलै २०२१ रोजीं महापूर आला, तेव्हांपासून “असा पूर पूर्वी कधीं झालाच नव्हता” हें वाक्य पुष्कळांच्या तोंडीं बसलें आहे. कांहीं काळानें तेंच पुरावा म्हणून पुढें येईल अशी आम्हांस भीति वाटते. याच गांवाची बाजारपेठ २६ जुलै २००५ रोजीं बुडाली होती. मध्यें अवघीं सोळा वर्षें गेलीं. विस्मरणास तेवढीं पुरलीं.

दुसऱ्या बाजूस सरकारी पूररेषा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्याची ती लाल. शहराचा मोठा भाग या रेषांच्या आंत येतो म्हणून नागरिकांनीं हरकत घेतली, व आधीं नदींतील गाळ काढा असा आग्रह धरला. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. परंतु पूररेषेचा नकाशा हाही एक लेखच होय, आणि लेख म्हटला कीं त्याची चिकित्सा करण्याचा आम्हां पोथीवाल्यांस अधिकार पोहोंचतो.

प्रथम अर्थाचा दोष. “शंभर वर्षांतून एकदां” याचा अर्थ एकदां येऊन गेला कीं पुढें शंभर वर्षें निश्चिंती, असा लोक करतात. मूळ अर्थ इतकाच कीं, दर वर्षीं अशा पुराचा संभव शेंकडा एक असतो. तीस वर्षें एका घरांत राहणाऱ्यास लाल रेषेचा पूर निदान एकदां गांठण्याचा संभव शेंकडा सव्वीस, व निळ्या रेषेचा शेंकडा सत्तर पडतो. हें नकाशावर स्पष्ट लिहिलें असतें तर निम्मा गैरसमज टळता.

दुसरा दोष अधिक खोल आहे. असें गणित पावसाच्या व प्रवाहाच्या नोंदींवर उभें राहतें, व लहान नद्यांच्या नोंदी थोड्याच वर्षांच्या असतात. गांवांतून वाहणारी शिवनदी ती केवढी! पण वाशिष्ठी भरली आणि दाभोळच्या खाडींतून भरती वर चढली, म्हणजे शिवनदीचें पाणी बाहेर पडूं शकत नाहीं. तें मागें वळून पेठेंत शिरतें. ‘पूर’ शब्द ‘पॄ’ म्हणजे भरणें या धातूचा. येथें तो अक्षरशः खरा ठरतो. गांव हंड्यासारखें भरत जातें. मग केवळ पाऊस मोजून कसें भागावें? भरतीची घटका जुळली कीं नाहीं तेंही पाहिलें पाहिजे.

नेमक्या याच ठिकाणीं जुने कागद उपयोगी पडतात. त्यांत इंच वा फूट नसतील, पण तिथि बहुधा असते. आणि तिथीला पाऊण्यानें गुणिलें असतां भरतीची स्थूल वेळ येते, हें कोंकणांतल्या कोणाही खलाशास ठाऊक आहे. २०२१ चा पूर आषाढ शुद्ध त्रयोदशीचा. तेरा पाऊणे पावणेदहा. म्हणजे समुद्रकांठीं सकाळीं पावणेदहाचे सुमारास भरती, आंत चिपळुणाकडे त्याहून उशिरां, आणि पौर्णिमा जवळ म्हणून उधाणही जोराचें. एका तिथींत एवढी माहिती सांपडते. तिथि उतरतांना एका दिवसाची चूक झाली तर भरती पाऊण तासानें हलते, हेंही ध्यानांत असावें.

तरी जुन्या कागदांवर आंधळा विश्वास आम्ही ठेवणार नाहीं. खारबंदिस्ती फुटली, शेत वाहून गेलें, सबब साऱ्याची सूट मिळावी, असा अर्ज करणारा पाणी हातभर वर चढवितो. वसूल करणारा अंमलदार तेंच हातभर खालीं आणतो. दोन्ही बाजूंचे कागद मिळाल्यावांचून कोणताही आंकडा स्वीकारूं नये. शिवाय नदीही तीच राहिली नाहीं. पूर्वेस कृष्णेकडे जाणारें कोयनेचें पाणी १९६२ पासून पोफळीच्या वीजगृहांतून वाशिष्ठींत येतें. कृष्णा लवादानें त्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट ही मर्यादा घातली. तेव्हां पेशवाईंतील पूर व आजचा पूर एका यादींत घालतांना हा पाठभेद विसरतां कामा नये.

सर्वांत मोठा घोटाळा सनांचा. सुहूर सन मृगास बदलतो, आणि आमचे पूर तर मृगानंतरचेच. अशा कागदाच्या सुहूर सनांत ५९९ मिळविले पाहिजेत. ६०० मिळविण्याची चाल जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदांची आहे. ही चूक एकानें केली व दुसऱ्यानें टाळली, कीं एकाच पुराचे दोन होऊन लागोपाठच्या वर्षीं यादींत बसतात, आणि पंचवीस वर्षांच्या रेषेचें गणित तेथेंच बिघडतें.

१८६४ सालीं स्थापन झालेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदा २००५ त व २०२१ त, अशी दोनदां पाण्यांत सांपडली. पुराचा इतिहास ज्या कागदांत आहे तेच पुरानें जावेत! खाडीकांठच्या किती घरांतून दप्तरें अद्याप तळमजल्यावर किंवा माजघरांतल्या फडताळांत आहेत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तीं या पावसापूर्वी माळ्यावर चढवावींत. चढवितांना पूर, बंदिस्ती वा सूट यांचा उल्लेख ज्या कागदांत आढळेल त्याची नक्कल करून ठेवावी. तींत सन, महिना, तिथि मुळांत असेल तशीच लिहावी, इंग्रजी तारखेंत रूपांतर करूं नये, व पाण्याची खूण मोडी शब्दांतच राहूं द्यावी.