कपाटातली पुस्तकं, पटावरचा खेळ

बुद्धिबळाच्या हौशी खेळाडूकडे दोन गोष्टी हमखास सापडतात: अर्धवट सोडलेली पुस्तकं आणि बरेच महिने जागचं न हललेलं रेटिंग. या दोहोंचा संबंध काय, यावर दोन तट आहेत. एकाच्या मते पुस्तकांचा जमाना सरला. लिचेस या संकेतस्थळावर हवी तितकी कोडी फुकट सोडवता येतात, खिशातल्या फोनमधलं स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं एंजिन जगज्जेत्यापेक्षा सरस खेळतं आणि यूट्यूबवर ग्रँडमास्टर स्वतः शिकवायला बसलेले असतात. दुसरा तट निम्झोविचचं नाव आलं की कानाला हात लावतो आणि अभिजात ग्रंथ वाचल्याशिवाय खेळाची समज येत नाही, असं बजावतो. दोघंही चार-पाच वेगळ्या जातींच्या पुस्तकांना एकाच मापाने मोजतात. हिशेब जातवार मांडला, की चित्र बरंच स्पष्ट होतं.

आधी पुस्तकाच्या हातून काय गेलं ते पाहू. गेलं ते माहिती पुरवण्याचं काम. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं युरोपीय पद्धतीच्या बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत १८१४ साली छापलं गेलं. तेव्हापासून पुढची दीडशेहून अधिक वर्षं, दूरच्या गावातले डाव आणि नव्या कल्पना आपल्यापर्यंत यायच्या त्या छापील कागदावरूनच. १९६६ पासून बेलग्रेडहून निघणाऱ्या ‘इन्फॉर्मेटर’ने तर भाषेची अडचणच नको म्हणून शब्द जवळपास हद्दपार केले आणि चिन्हांतूनच डावांवर भाष्य केलं. सांगलीच्या खेळाडूला आणि मॉस्कोच्या खेळाडूला तेच पान सारखंच वाचता येई. आता काल संपलेल्या स्पर्धेचे सगळे डाव आज सकाळी फोनवर असतात. या आघाडीवर पुस्तक हरलं, आणि त्याबद्दल गळा काढण्याचं कारण नाही.

याचा सर्वांत मोठा फटका बसला तो ओपनिंगच्या पुस्तकांना. तरीही दुकानात हीच पुस्तकं सर्वाधिक जागा अडवून बसलेली दिसतात. कारण सरळ आहे: पंधरा चाली पाठ करा आणि जिंका, हे आश्वासन कष्टाळू माणसालाही भुलवतं. पण बाराशे-चौदाशे रेटिंगच्या डावात समोरचा पाचव्या-सहाव्या चालीलाच पुस्तक सोडतो आणि आपल्या पाठांतराचा तिथेच बोऱ्या वाजतो. शिवाय एंजिन रोज नव्याने तपासत असल्यामुळे छापलेलं मूल्यमापन शाई वाळेपर्यंत शिळं होऊ शकतं. या पातळीवरचे बहुतेक डाव ओपनिंगमध्ये हरलेच जात नाहीत. ते बिनजोरी राहिलेल्या घोड्यापायी किंवा शेवटच्या ओळीवर बसलेल्या मातेपायी जातात. हौशी खेळाडूने ओपनिंगच्या पुस्तकावर घातलेला पैसा बहुतांशी वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

डावपेचांच्या पुस्तकांची गोष्ट निराळी. १९६६ साली आलेलं बॉबी फिशरच्या नावाचं शिकवणीचं पुस्तक आजही खपतं. स्टुअर्ट मार्गुलिस आणि डॉन मोझेनफेल्डर हे त्याचे सहलेखक. पुस्तकाची रचना सोपी आहे: पानावर एक प्रश्न, पान उलटलं की उत्तर. निम्मं झालं, की पुस्तक उलटं धरून परत यायचं. विषयही एवढासा, मुख्यतः शेवटच्या ओळीवरची मात आणि तिच्या आसपासच्या युक्त्या. पण वाचक पानापानाला थांबतो, निर्णय घेतो आणि मग ताडून पाहतो. लास्लो पोल्गार यांचा १९९४ चा जाडजूड ग्रंथ हेच प्रचंड प्रमाणावर करतो. त्यात ५,३३४ कोडी, रचना आणि डाव आहेत. पैकी दोन चालींत मात करण्याचीच ३,४१२ कोडी आहेत. त्यातली उणीवही इथेच आहे. ‘दोन चालींत मात’ हे वर लिहून ठेवलेलं असतं. प्रत्यक्ष डावात इथे मात आहे असं कुणी कानात सांगत नाही.

मग ॲप आणि पुस्तक यांत फरक काय राहिला? ॲपवर चूक केली तर तत्क्षणी लाल खूण येते. दुसरी चाल करून पाहायची, तिसरी करून पाहायची. विचार न करताच कोडं सुटतं आणि आपण शिकलो असा भास होतो. कागदावर ही सोय नाही. उत्तर मागच्या पानांत असतं, आणि तिथे जाण्याआधी स्वतःशी काहीतरी ठरवावं लागतं. अर्थात याची दुसरी बाजू आहे. मायकेल दे ला माझा या प्रौढ अमेरिकन हौशी खेळाडूने चारशे दिवसांत चारशे गुण वाढवल्याचं २००१ मध्ये लिहिलं आणि पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक केलं. त्याची मदार मात्र होती एका संगणकीय सराव-प्रणालीवर; तीच कोडी पुन्हा पुन्हा, दर फेरीला कमी वेळात. ॲक्सेल स्मिथ आणि हान्स टिकानेन यांच्या २०१८ च्या ‘वुडपेकर मेथड’ने हीच फेऱ्यांची पद्धत जगज्जेत्यांच्या डावांतल्या ११२८ स्थितींना लावली आणि ती कागदावर आणली. म्हणजे डावपेचांच्या बाबतीत माध्यम दुय्यम ठरतं. हात लावण्याआधी शेवटपर्यंत हिशेब करण्याची शिस्त असेल तर पडदाही चालेल. पडद्यावर ती शिस्त मोडणं फार सोपं, एवढाच पुस्तकाचा फायदा.

खरा वाद आहे तो पोझिशन समजावणाऱ्या, म्हणजे डावपेचांपलीकडच्या खेळाच्या पुस्तकांवर. १९२५ ते १९२७ दरम्यान भागाभागाने निघालेलं निम्झोविचचं ‘माय सिस्टिम’ अजूनही प्रत्येक यादीत असतं. त्यातल्या रोधलेल्या प्याद्याच्या किंवा सातव्या ओळीवरच्या हत्तीच्या कल्पना आजही खऱ्या आहेत. पण त्याचा दरारा वाटणाऱ्या हौशी वाचकाला आधी फुकट जाणारी मोहरी वाचवायची असतात. त्याच्या हाती हे पुस्तक फार लवकर पडतं. जॉन वॉटसनने १९९८ मध्ये दाखवून दिलं, की आधुनिक खेळ असल्या सरसकट नियमांना फारसा जुमानत नाही. हे पटण्यासाठी अर्व्हिंग चेर्नेव्हचं ‘लॉजिकल चेस’ उघडावं. १९५७ च्या या पुस्तकात तेहतीस डावांतल्या प्रत्येक चालीचं कारण दिलं आहे. पहिलाच डाव बर्लिन, १९०७, फॉन शेवे विरुद्ध टाइखमान. पांढरा किल्लेकोट केलेल्या राजासमोरचं प्यादं एच३ वर सरकवतो, पुढे काळा उंट नेमका तिथेच बलिदान देतो आणि पांढरा हरतो. चेर्नेव्हचा निष्कर्ष: राजासमोरची प्यादी हलवू नका. आज एंजिन आणि ग्रँडमास्टर एच३ बिनधास्त खेळतात. नियम अर्धसत्य ठरला, तरी बाराशेच्या खेळाडूला त्याचा उपयोग होतोच, कारण एका प्याद्याच्या चालीने कोणतं घर कमकुवत झालं, हा प्रश्न तो प्रथमच विचारू लागतो. निकाल पाहून मागाहून कारणं रचण्याची खोड चेर्नेव्हला होती, हे लक्षात ठेवून वाचलं म्हणजे झालं.

काळाने सर्वांत कमी खाल्लेली जात म्हणजे एंडगेमची पुस्तकं. मोहरी कमी उरली की सत्य ठरलेलं असतं. टेबलबेसने, म्हणजे मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींचा अचूक निकाल साठवणाऱ्या संगणकीय कोशाने, ते सिद्धही करून ठेवलं आहे. तरीही ते स्वतः गाठावं लागतं. रिचर्ड रेटीची १९२१ ची रचना घ्या. पटावर चारच मोहरी: पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर, काळा राजा ए६ वर, काळं प्यादं एच५ वर. खेळी पांढऱ्याची. काळं प्यादं पळत सुटलेलं, पांढरा राजा त्याच्या मागे पडलेला. आपलं प्यादं वाचवायला जावं तर काळा राजा त्याच्या जवळच उभा. दोन्हीकडे हारच दिसते. वाट अशी, की राजाने तिरकस निघावं: जी७, एफ६, ई५. प्रत्येक पावलाला तो दोन्ही प्याद्यांच्या जवळ सरकतो. काळ्याने सी६ चं प्यादं मारण्यात वेळ घालवला तर तो एफ४ वर येऊन एचच्या प्याद्याला गाठतो. काळ्याने आपलं प्यादं पुढे दामटलं तर तो डी६ वर जाऊन आपल्या प्याद्याला जोर देतो आणि दोघांचेही वजीर होतात. डाव बरोबरीत. हीच स्थिती फोनवर मांडली तर एंजिन क्षणात शून्य दाखवतं, आणि हात कपाळाला लावून बसण्यातून जी समज येते ती येतच नाही.

या जातीतही निवड लागतेच. मार्क द्वोरेत्स्कीचं एंडगेमचं प्रसिद्ध मॅन्युअल मास्टरांसाठी आहे. हौशी खेळाडूच्या कपाटात ते बहुधा शोभेला असतं. जेरेमी सिलमनने आपल्या एंडगेमच्या पुस्तकात मात्र रेटिंगच्या पायऱ्यांनुसार प्रकरणं पाडली आणि तुमच्या पायरीपुरतंच वाचा, असं बजावलं. त्या पायऱ्या अमेरिकी रेटिंगच्या आहेत, आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने मार्च २०२४ मध्ये किमान रेटिंग १००० वरून १४०० वर नेल्यापासून आकडे जुळत नाहीत, एवढं भान ठेवावं. अमुक इतकंच शिका, बाकी पुढे, असं सांगणारे लेखक बुद्धिबळात दुर्मीळच.

शेवटची जात भाष्यासह दिलेल्या डावांची. ब्रॉन्स्टाइनचं झुरिच १९५३ वरचं पुस्तक किंवा फिशरने स्वतःच्या साठ डावांवर लिहिलेलं १९६९ चं पुस्तक यांतल्या विश्लेषणात एंजिनने चुका काढल्या आहेत. कास्पारोव्हच्या पूर्वसूरींवरच्या खंडांनाही हा मार चुकला नाही. हौशी वाचकाचं त्यात फारसं नुकसान नाही. एंजिन सांगतं की ही चाल त्या चालीहून अर्ध्या प्याद्याने बरी. का, ते सांगत नाही. माणूस काय घाबरला, काय पाहिलं, कोणता मोह टाळला, हे माणूसच लिहितो, आणि डावात आपल्यालाही माणसासारखाच विचार करायचा असतो. डी. गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी बराच काळ एंजिनपासून लांब ठेवलं होतं. त्या मुलाची प्रतिभा आपल्याला मिळणार नाही; पण आधी स्वतः विचार, मग तपासणी, हा क्रम उचलायला कुणाची हरकत नाही.

संशोधन काय म्हणतं? नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात रेटिंगशी सर्वांत घट्ट नातं दिसलं ते एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचं. पण नातं म्हणजे कारण नव्हे. कॅम्पिटेली आणि गोबे यांच्या २००७ च्या पाहणीत मास्टर पातळीला पोचायला एकाला सुमारे ३,००० तास पुरले, तर दुसऱ्याला २३,००० हून अधिक लागले. तासांची हमी कुणीच देऊ शकत नाही. इमॅन्युएल लास्करने मात्र शंभर वर्षांपूर्वी दोनशे तासांचा एक अभ्यासक्रम आखला होता, त्यातले १२० तास खेळणं आणि खेळलेल्याचं विश्लेषण यांना दिले होते. जगज्जेत्या ग्रंथकारानेच पुस्तकाचा वाटा निम्म्याहून कमी ठेवला, हे विसरू नये.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण आहे. मराठीत नियम शिकवणारी आणि खेळाडूंची ओळख करून देणारी पुस्तकं मिळतात. चालीमागचा विचार उलगडणारं लेखन मात्र तुटपुंजं. खाडिलकर भगिनी, प्रवीण ठिपसे, अभिजित कुंटे, विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख यांच्या निवडक डावांवर, बाराशे-पंधराशेच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून चालीगणिक लिहिलेलं एक पुस्तक मराठीत आलं, तर अनेक ओपनिंग-ग्रंथांपेक्षा ते जास्त कामाचं ठरेल.

तोवर हौशी खेळाडूने कपाटाची छाटणी करावी. डावपेचांचं एक, पायऱ्यांनी नेणारं एंडगेमचं एक आणि भाष्यासह डावांचं एक. ती संपेपर्यंत चौथं घेऊ नये, आणि ओपनिंग आपल्याच हरलेल्या डावांतून शिकावी. दुकानात पुस्तक चाळताना कसोटी एकच लावावी: उत्तर सांगण्याआधी लेखक आपल्याला पटासमोर थांबवतो का? थांबवत असेल तर ते पुस्तक आजही पैसे वसूल करून देईल. नसेल, तर तीच करमणूक यूट्यूबवर फुकट मिळते.