कोवळा शिकारी आणि बिनवयाचा पारधी

शिकार आणि पारध हे दोन शब्द मराठीत समानार्थी म्हणून वापरले जातात. ‘शिकार’ फारसीतून आला. ‘पारध’ हा शब्द अभ्यासक ‘पापर्द्धि’ या संस्कृत शब्दाशी जोडतात, म्हणजे पापाच्या मार्गाने होणारी वृद्धी ही अर्थच्छटा त्याच्या मुळाशीच आहे. व्यवहारात मात्र या दोन शब्दांनी दोन वेगळी माणसे दाखवली. शिकारी म्हणजे हौसेने, अधिकाराने किंवा परवान्याने रानात जाणारा. पारधी हा आधी क्रिया करणारा होता, पुढे ते एका जमातीचे नाव झाले. शिकारी कधीतरी शिकार सोडू शकतो. पारध्याने पारध सोडली तरी तो पारधीच राहतो. शब्दातला हा भेद मराठीतील शिकारकथनांच्या रचनेतही उतरला आहे काय, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी पाणवठ्यावरची, पाणपक्ष्यांची आणि विशेषतः कोवळ्या वयातील शिकार हा विषय निवडला आहे.

१

आपल्या परंपरेत पाणवठ्यावरच्या शिकारीला असाधारण स्थान आहे. काव्याची उत्पत्तीच तिच्यातून सांगितली जाते. तमसेच्या तीरावर निषादाने क्रौंचाच्या जोडीतील एकाला मारले आणि वाल्मीकीचा शोक श्लोक झाला. आनंदवर्धनाने हा प्रसंग ध्वनिविचाराच्या पुष्टीसाठी घेतला. अभिनवगुप्ताने पुढे जाऊन हा शोक ऋषीचा व्यक्तिगत शोक नव्हे, तो आस्वाद्य झालेला करुण आहे, असे प्रतिपादन केले. आपली काव्यशास्त्रीय चर्चा क्रौंचाकडून ऋषीकडे आणि ऋषीकडून सहृदयाकडे गेली. निषादाकडे ती फारशी वळली नाही. वस्तुतः त्या पहिल्या श्लोकाचा वाच्यार्थ शाप हा आहे. निषादाला कधीही प्रतिष्ठा मिळू नये, असे तो सांगतो. करुणेचा आरंभ आणि एका माणसाला प्रतिष्ठा नाकारण्याचा आरंभ एकाच वाक्यात झाला आहे. या निषादाला नाव नाही, वय नाही, भूक आहे की नाही हेही आपल्याला कळत नाही.

याच महाकाव्यात पाणवठ्यावरची दुसरी शिकार आहे. दशरथ तेव्हा युवराज होता. पावसाळ्याच्या दिवसांत, रात्रीच्या अंधारात तो शरयूकाठी गेला आणि घडा भरण्याच्या आवाजाला हत्तीचा आवाज समजून त्याने शब्दवेधी बाण सोडला. येथे मारला गेला तो पक्षी नव्हे, माणूस. तरीही दशरथाच्या कृत्याला कथेत वय आहे, चूक म्हणून ओळख आहे, पश्चात्ताप आहे आणि मृत्यूपूर्वी पत्नीपाशी ते बोलून दाखवण्याची संधीही आहे. त्यालाही शाप मिळाला, पण त्या शापाने कथा पुढे नेली. निषादाला मिळालेल्या शापाने त्याची कथा संपवली. एकाच्या शिकारीला ‘तारुण्यातला प्रमाद’ म्हणता येते, दुसऱ्याच्या शिकारीला केवळ ‘स्वभाव’.

२

मराठी वाचकाच्या मनात रुजलेली पाणपक्ष्याची शिकार मात्र वेगळीच आहे. रघुनाथपंडिताच्या दमयंती-स्वयंवराख्यानातील नल आणि हंसाचा प्रसंग क्रमिक पुस्तकांमुळे अनेक पिढ्यांना परिचित आहे. तरुण राजा सरोवराकाठी झोपलेला हंस अलगद धरतो. हंस विलाप करतो; घरी म्हातारी आई आहे, पत्नी नुकतीच प्रसूत झाली आहे, असे सांगतो. राजाला दया येते आणि तो हंसाला सोडून देतो. सुटलेला हंस पुढे दूत होऊन दमयंतीकडे जातो.

हा हंस कोणता, याचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडे चित्रांमुळे तो युरोपीय राजहंसासारखा कल्पिला जातो. जे. पी. व्होगेल यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारतीय वाङ्मय आणि शिल्पातील हंस हा मुख्यतः रानहंस, म्हणजे बदकाच्या कुळातील मोठा पक्षी आहे, असे दाखवले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हिवाळ्यात तिबेट-मंगोलियाकडून दख्खनच्या जलाशयांवर उतरतो. कविसमयाने ज्याला नीरक्षीरविवेक दिला, तो आपल्या तळ्याकाठच्या हरभऱ्यात आणि कोवळ्या गव्हात चरणारा पक्षी आहे. रात्री जोडीदारापासून दुरावणारा चक्रवाकही याच हंगामी पाहुण्यांपैकी. आपल्या काव्यातील विरहाची आणि विवेकाची चिन्हे अशा रीतीने शिकारीच्या हंगामातूनच आली आहेत.

नलप्रसंगाचा पाया श्रीहर्षाच्या नैषधीयचरितात आहे. तेथील हंसाचा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. तो केवळ दया मागत नाही. तू राजा आहेस, माझ्या सोन्याच्या पिसांनी तुझ्या संपत्तीत काय भर पडणार, असे तो सुनावतो. हा युक्तिवाद समर्थ आहे, पण कोणासमोर? ज्याला पक्ष्याची गरज नाही त्याच्यासमोर. ‘तुला माझी गरज नाही’ हे वाक्य भुकेल्या माणसाला उद्देशून उच्चारताच येत नाही. म्हणून हंस राजाशी बोलतो आणि क्रौंच निषादाशी बोलत नाही. पक्ष्याला वाचा फुटणे हा अद्भुताचा भाग असला तरी ती कोणासमोर फुटते, हे सामाजिक वास्तवाने ठरवले आहे. सोडून देणे या क्रियेत आधीची मालकी आणि नंतरची निश्चिंती गृहीत असते. मराठीतील निसर्गलेखनाच्या समीक्षेत ज्याला आपण ‘करुणा’ म्हणतो तिचा हा आर्थिक पाया आपण क्वचितच तपासतो.

या पार्श्वभूमीवर लीळाचरित्रातील सशाची लीळा निराळी ठरते. पाठलाग चुकवून ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो. पारधी येतात, ससा मागतात. स्वामी शरण आलेल्याला देत नाहीत. पण ते पारध्यांना शापही देत नाहीत. ते त्यांच्याशी बोलतात आणि पारधी हिंसा सोडतात. येथे बोलतो तो पक्षी किंवा प्राणी नव्हे. बोलतात ती माणसे. मराठी गद्याने आपल्या आरंभकाळातच पारध्याला संवादाचा अधिकार दिला होता. या शक्यतेचा विस्तार नंतरच्या वाङ्मयात का झाला नाही, हा मला महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

३

आधुनिक काळात कोवळ्या शिकाऱ्याचे कथन आत्मचरित्राचा आणि ललित गद्याचा विषय झाले. त्याचा एक स्थिर आराखडा आहे. मुलाच्या हाती गलोल किंवा छऱ्याची बंदूक येते. घरातला एखादा जाणता शिकारी त्याला रान दाखवतो. पहिला पक्षी पडतो. त्या पडलेल्या पक्ष्याकडे पाहताना काहीतरी बदलते. पुढे बंदुकीच्या जागी दुर्बीण किंवा लेखणी येते. जिम कॉर्बेट यांनी १९५३ च्या ‘जंगल लोअर’मध्ये गलोलीपासूनचे आपले शिक्षण सांगितले. सालिम अली यांच्या १९८५ च्या आत्मचरित्राचे शीर्षकच लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीवरून आले आहे. शिकारी मामाच्या सल्ल्याने तो मुलगा चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्या दारातून पक्षिशास्त्रात शिरला. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांचा प्रवासही शिकारीच्या हौसेकडून निरीक्षणाकडे झाला.

हे लेखन मोलाचे आहे. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही, आराखड्याचा आहे. या आराखड्यात बालपण हे प्रायश्चित्ताचे पूर्वरूप असते. मुलाने मारलेला पक्षी वाया जात नाही. तो ज्ञानात रूपांतरित होतो. सालिम अली यांनी १९३१-३२ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात पक्षिसर्वेक्षण केले. बीड तेव्हा त्याच संस्थानात होते. त्या काळच्या पद्धतीनुसार पक्षी मारून नमुने जमवले जात. त्याच मुलखात फासेपारधी तित्तिर-लाव्यांना फास लावत होते आणि काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जात होते. पहिल्याच्या पक्ष्याला संग्रहालयात नाव मिळाले. दुसरा ज्या काळात जगत होता, त्या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ पासूनच्या कायद्यांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. १९५२ साली त्या विमुक्त झाल्या, तरी संशय विमुक्त झाला नाही.

मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने या चित्रात एक मोलाची भर घातली. रानात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी शब्द आणि नावे घेतली, आणि ती मराठीला दिली. तरीही निवेदनशास्त्राच्या दृष्टीने एक अंतर उरतेच: रानातला माणूस येथे माहितगार आहे, निवेदक नाही. आपल्या वाङ्मयात तो पक्ष्याचे नाव सांगतो, स्वतःचे बालपण सांगत नाही.

४

हे बालपण सांगितले गेले ते १९८० नंतरच्या आत्मकथनांत. ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) ही पारध्यांची आत्मकथने नव्हेत. परंतु भटक्या-विमुक्तांच्या घरातील मूल त्यांनी प्रथमच मराठी गद्याच्या मध्यभागी आणले. या कथनांत वयाची चैन नाही. येथे मूल शिकते ते हौसेने नव्हे, पोट भरण्यासाठी. आणि शिकलेली विद्या सोडून देण्याने ते मुक्त होत नाही, कारण पोलिसांचा ससेमिरा विद्येमागे नसून जन्मामागे असतो. शिकारकथनाचा वरील आराखडा या लेखनाशेजारी ठेवला की त्याची मर्यादा उघड होते. ‘पश्चात्ताप’ हा त्या आराखड्याचा कळस असतो. येथे पश्चात्ताप कोणी करायचा, हाच प्रश्न उलटा होऊन उभा राहतो.

येथे एक आक्षेप संभवतो. हे विवेचन हिंसेचे समर्थन करते काय? तसे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपुष्टात आणली. हे आवश्यकच होते. परंतु एकाच कायद्याने शिकाऱ्याची हौस संपली आणि पारध्याचा व्यवसाय संपला, या दोन घटना एक नव्हेत. पहिलीविषयी मराठीत स्मरणरंजनपर लेखन उदंड आहे. दुसरीला अजून तिचे गद्य मिळायचे आहे. समीक्षेचे काम कायद्याचा निवाडा देणे नव्हे. कोणत्या अनुभवाला कथनाचा आकार मिळतो आणि कोणत्याला केवळ नोंदीचा, हे दाखवणे आहे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न एका विशिष्ट रूपात समोर येतो. अवर्षणाच्या या प्रदेशात मोठे उघडे पाणी मुख्यतः धरणांनी आणले: सिंदफणेवर माजलगाव, मांजरेवर धनेगाव, पालीजवळ बिंदुसरा. पाऊस पडला आणि ही पाणी धरून राहिली, तर दिवाळीच्या सुमारास बदके उतरू लागतात. चक्रवाक येतात, थापट्या येतात, मागाहून पट्टकदंब. नेमक्या त्याच दिवसांत ऊसतोड कामगारांच्या गाड्या गाव सोडून कारखान्यांकडे निघतात. त्यांत मुलेही असतात. मराठीत ‘हंगाम’ हा एकच शब्द शिकारीला, पाणपक्ष्यांना आणि गाळपाला लागतो. पक्षी येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. माणसे जातात आणि त्याच सुमारास परततात. तळ्याकाठी पक्ष्यांची पहिली रांग उतरताना पाहण्यासाठी, हाती गलोल असो वा दुर्बीण, गावात उरायला हवे. कोवळे वय ज्या कथनाचा आधार आहे, ते कथन लिहिण्यासाठी आधी हे उरणे लागते.

म्हणून मराठीतील शिकारकथने वाचताना पक्ष्याचे काय झाले, एवढेच विचारून भागणार नाही. हातात फास असलेल्या मुलाला संहितेने वय दिले आहे काय, हेही विचारले पाहिजे. नलाला ते मिळाले, दशरथाला मिळाले. निषाद मात्र अजून तमसेच्या काठी बिनवयाचा उभा आहे. त्याचे बालपण ज्या दिवशी मराठीत लिहिले जाईल, त्या दिवशी क्रौंचवधाची कथाही आपल्याला पुन्हा वाचावी लागेल.